दातांनी पारखलेली गिटार

आमच्या वन्संनी इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांत आधी हसला तो माझा नवरा. मीही हसले, नाही असं नाही, पण मी निदान स्वयंपाकघरात जाऊन हसले. हे महाशय जेवता जेवता, तोंडात घास असताना, सख्ख्या बहिणीच्या तोंडावर हसले आणि ठसका लागून पाणी मागायला लागले. पाणी वन्संनीच दिलं. भांडं पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "हसून झालं की सांग. सुट्टीच्या दिवशी मला दुकानात जायचंय."

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आमच्या घरात राहतात, किंवा खरं बोलायचं तर आम्ही त्यांच्या घरात राहतो, कारण घर त्यांच्या पगारातून उभं राहिलंय आणि माझा नवरा ते सोयीनं विसरतो. त्यांनी लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणतात, जसं काही दुधाला विरजण लावायचं राहून गेलं. पोरवयात खिळ्यांच्या कारखान्यात मशीनवर लागल्या त्या अजून तिथेच आहेत.

खिळा कसा होतो ते लग्नाआधी मला ठाऊक नव्हतं. तारेचं भेंडोळं एका बाजूनं मशीनमध्ये जातं, आत तिचे तुकडे पडतात, एका टोकाला धार येते आणि दुसऱ्या टोकावर मशीन असा घाव घालतं की तिथे खिळ्याचं डोकं उमटतं. जितके खिळे तितके घाव. अशी मशीनं शेडभर ओळीनं मांडलेली. मी एकदा वन्संचा राहिलेला डबा द्यायला गेले होते, तर दारातच डोकं असं बधिर झालं की डबा कुणाच्या हातात दिला तेही आठवेना. वन्संचं सारं आयुष्य त्या आवाजात गेलं. कानात घालायला बोळे मिळायला लागले तोवर कान गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, आतली नसच बरीचशी मेली आहे. त्यांनी कानाला लावायचं यंत्र दिलं, ते वन्सं लावत नाहीत. त्यातून फक्त खडखडाट ऐकू येतो, आणि तो कारखान्यात फुकट मिळतो, असं त्यांचं म्हणणं.

पण म्हणून त्यांना कळत नाही असं समजणाऱ्याची फजिती ठरलेली. त्या शेडमध्ये सगळेच ओठ वाचून बोलतात. पाहुणे येतात, वन्संच्या कानाशी जाऊन बोंबलतात, तोंड वेडंवाकडं करतात, आणि वन्सं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघत राहतात. उलट कुणी कोपऱ्यात हळूच कुजबुजलं की ते त्यांना लख्ख कळतं. माझ्या सासरी मला कुजबुजण्याची सोय कधी मिळालीच नाही. आणि वन्संना एखाद्याचं ऐकायचं नसलं की त्या सरळ डोळे मिटून घेतात. मग तुम्ही बसा भिंतीशी बोलत.

त्या कारखान्याची आणखी एक तऱ्हा आहे. मशीनच्या पोटात काय बिघडलंय हे ऐकायला तिथली माणसं कान नाही, दात वापरतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं आणि मूठ दातांत धरायची. जबड्यातून थरथर डोक्यात जाते. आतलं बेअरिंग झिजायला लागलं असलं की दात झिणझिणतात. दात गप्प राहिले की समजायचं, मशीन निरोगी आहे. वन्संच्या हाडात ही सवय इतकी मुरलेली की घरात नवा फ्रिज आला तेव्हा त्यांनी त्याच्याही दाराची मूठ दातांत धरून बघितली होती. फ्रिज घेऊन आलेला माणूस जिन्यापर्यंत मागे वळून वळून बघत गेला.

आता गिटार कुठून आली ते सांगते. कारखान्यातून घरी येण्याच्या रस्त्यावर एक गोदाम होतं. ते एका ऑर्केस्ट्रावाल्यांनी सरावासाठी भाड्यानं घेतलं होतं. एके संध्याकाळी चपलेत गेलेला खडा काढायला वन्सं त्या गोदामाच्या लोखंडी शटरला पाठ टेकून उभ्या राहिल्या, आणि आत कुणीतरी इलेक्ट्रिक गिटार वाजवायला सुरुवात केली. घरी आल्या त्या थेट माझ्याकडे. भावाला काही सांगितलं नाही. हातातली पिशवीही खाली ठेवली नाही आणि म्हणाल्या, "पाठीतून वर आला गं. सूर होता. नुसती धडधड नव्हती, वर जात होता, खाली येत होता." डोळ्यांत पाणी होतं. एकदा अंगठ्यातून खिळा आरपार गेला तेव्हाही ही बाई रडली नव्हती.

मग ते रोजचंच झालं. मी एकदा बाजारातून येताना त्यांना पाहिलं. शटरला कपाळ टेकून, डोळे मिटून उभ्या होत्या. येणारेजाणारे बघत होते. एकानं तर बाईंना बरं नाहीये का म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, "एकदम बरं आहे, तुम्ही चला पुढे." आणि त्यांचं होईपर्यंत पिशव्या घेऊन राखण करत उभी राहिले.

पुढे ऑर्केस्ट्रावाल्यांनी जागा सोडली. गोदामात सिमेंटची पोती आली. वन्सं आठवडाभर घरात कुणाशी धड बोलल्या नाहीत, आणि आठवड्यानंतर जेवताना गिटारचं बोलल्या. इतकंच त्यांना हवं होतं. गेलेला सूर एकदा हाताला लागला होता, तो त्यांना परत जाऊ द्यायचा नव्हता. यात हसण्यासारखं काय आहे ते मला त्यानंतर काही केल्या दिसेना.

नवऱ्याला मात्र दिसत होतं. तो रोज नवा मुद्दा काढायचा. या वयात बोटं वळत नाहीत. शेजारी काय म्हणतील. इतकीच हौस असेल तर साधी लाकडी घे, विजेची कशाला. वन्संनी शांतपणे सांगितलं की साधी फार हळू बोलते, तिच्याशी आपली ओळख व्हायची नाही. मग त्यानं शेवटचा बाण काढला: घ्यायचीच तर चांगली घे, स्वस्तातली म्हणजे खेळणं असतं. यावर वन्सं म्हणाल्या की पोहायला येतं की नाही ते आधी डबक्यात बघतात, समुद्रात नाही. एवढं झाल्यावर तो माझ्याकडे वळून पुटपुटला, "गाढवापुढे वाचली गीता." पुटपुटला म्हणजे वन्संना नीट कळेल असाच बोलला. वन्सं म्हणाल्या, "गाढव राहिलं बाजूला. तू वाचलीयस का कधी?"

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी दुकानात गेलो. काचेमागे चकचकीत महागड्या गिटारी टांगलेल्या, आणि दाराजवळच्या लाकडी घोडीवर तीन स्वस्तातल्या, एकाच कंपनीच्या, एक लाल, एक निळी, एक काळी. दुकानदार गोड बोलणारा होता. गोड बोलणारा माणूस मला पहिल्यापासून चालत नाही. तो सगळं मलाच विचारायला लागला. कुणासाठी हवी, त्यांना किती ऐकू येतं, आधी काही वाजवलंय का. वन्सं मध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घेणारी मी आहे. माझ्याकडे बघून बोला."

मग त्यांनी पारख सुरू केली. तिन्ही गिटारींच्या दांड्या एक डोळा मिटून बंदुकीसारख्या बघितल्या, कुठली वाकडी नव्हती. दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं बोटाला टोचत होती, त्याचं त्यांना काही वाटलं नाही, कानशीनं घासता येतात म्हणाल्या. खुंट्या फिरवल्या. इथपर्यंत दुकानदार कौतुकानं मान हलवत होता. मग वन्संनी पिशवीतून रुमाल काढला, लाल गिटारीच्या वरचं शिंगासारखं टोक स्वच्छ पुसलं आणि दातांत धरलं. दुकानदाराचं हसू जागच्या जागी थिजलं. वन्संनी हातानंच खूण केली: तार छेडा.

लाल गिटार त्यांच्या दातांत चांगलीच झिणझिणली असावी, कारण त्यांनी तोंड बाजूला घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. निळीचंही तेच, जरा कमी. काळीला मात्र त्या कितीतरी वेळ टोक दातांत धरून उभ्या राहिल्या. दुकानदारानं तार छेडली, पुन्हा छेडली; विजेला जोडलेल्या नसल्यामुळे मला तिन्हींचा आवाज सारखाच पुसट वाटला. वन्संनी टोक सोडलं आणि म्हणाल्या, "ही द्या. ही हलत नाही."

दुकानदारानं एका क्षणात ती खोक्यात घातली. त्याच्या चेहऱ्यावर जे काही झरकन येऊन गेलं ते मला आवडलं नाही, पण गिटारीतलं मला काय कळतं? सोबत एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तारेनं गिटारीला जोडायचा आणि आवाज मोठा करायचा डबा. निघताना त्यानं गल्ल्यावरच्या पाटीकडे बोट केलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. अशा पाट्या उगाच दाखवत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

घरी आल्यावर वन्संनी सगळं जोडलं, पलंगाच्या कडेला बसल्या, गिटार तंबोऱ्यासारखी उभी धरली, टोक दातांत घेतलं आणि तार छेडली. डब्यातून आवाज आला, ठक्. दार वाजवल्यासारखा. त्यांनी दुसरी तार छेडली. तीही ठक् करून मेली. आवाज वाढवला तर मोठ्यानं ठक्. मला सूर लागल्याची शंकासुद्धा येईना, मग त्यांना काय येणार? संध्याकाळपर्यंत त्या बसल्या होत्या. चहा नेला तो तसाच थंड झाला. शेवटी टोक सोडून त्या म्हणाल्या, "काहीच येत नाही गं."

नवरा दारात उभा होता. मी सांगत होतो, असं म्हणायची त्याला किती घाई झाली होती ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. म्हणालाच. वर म्हणाला की ताई, तुझा दोष नाही, कानच नाहीत तर गिटार काय करणार, देऊन टाकू कुणाला तरी. तो हे प्रेमानं बोलला, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. रागानं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

पुढचे दोन-तीन दिवस गिटार कपाटावर पडून होती. वन्सं कामावर जात होत्या, येत होत्या, तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी हार मानलेली मला बघवेना. एका सकाळी त्या डबा भरत असताना मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि जरा चिडूनच म्हणाले, "वन्सं, तुम्ही दुकानात हलत नाही ती गिटार निवडलीत. हलत नाही तर वाजेल कशी?"

त्यांनी डब्याचं झाकण हातातच धरलं. माझ्या ओठांकडे बघत राहिल्या, मी पुढे काहीच बोलत नव्हते तरी. मग खुर्चीत बसल्या आणि इतक्या हसल्या की मी घाबरले. डोळे पुसत म्हणाल्या, "जन्मभर जे थरथरतं ते बिघडलेलं, असं शिकले गं. मी गिटार घ्यायला गेले आणि मशीन घेऊन आले." त्यांच्या शेडमधल्या कुणाचीही अशीच चूक झाली असती. मी त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या की चूक झाली ती झाली, पण ती दातांची नाही. दातांनी बरोबर सांगितलं होतं. काळी मेलेली आहे असंच दात म्हणत होते, डोक्यानं तिला निरोगी म्हटलं. हे त्या असं बोलल्या की जणू खटल्यातून निर्दोष सुटल्या. आणि त्याच दिवशी कामावरून परस्पर दुकानात जायचं ठरलं. गिटार घरून मी घेऊन गेले.

दुकानदारानं आधी ओळखच दाखवली नाही, मग दाखवली, मग पाटी दाखवली. वन्सं म्हणाल्या की पैसे नकोत, त्याच किमतीची लाल द्या. तो म्हणाला, तुम्हीच निवडली होतीत, दातांनी निवडली होतीत. ते खरं होतं. वन्संनी कबूलही केलं की निवड चुकली. पण आवाज मरतो हे विकणाऱ्याला ठाऊक होतं की नाही, एवढं त्यांनी विचारलं. दुकानदार माझ्याकडे झुकला आणि अगदी हळू आवाजात, समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्हीच सांगा, यांना काळी काय आणि लाल काय, दोन्ही सारख्याच ना?"

वन्सं म्हणाल्या, "मला सारख्या असत्या तर मी आले नसते."

तो चपापला, पण बधला नाही. पाटी ती पाटी. मग वन्संनी तिथला एक स्टूल ओढला, दुकानाच्या मधोमध ठेवला, त्यावर बसल्या आणि डोळे मिटले. तो बोलत राहिला. ताई, ऐका तरी. ताई, असं चालत नाही. ताई, मी कुणाला तरी बोलावतो. वन्सं ढिम्म. बहिऱ्या माणसानं डोळे मिटल्यावर त्याला सांगणार काय आणि कसं? त्यानं शेवटी मला सांगितलं की यांना सांगा. मी म्हटलं, "मी कशी सांगू? त्यांना ऐकू येत नाही ना."

त्यांनी बसायचं काम घेतलं होतं, मग मीही माझं काम शोधलं. दुकानातल्या सगळ्यांत मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला काळी गिटार जोडली. एक नवरा-बायको गिटार बघायला आले होते, त्यांना म्हटलं, हीही ऐकून जा, आणि तार छेडली. ठक्. सगळं दुकान दचकलं. बायकोनं विचारलं, अशी का वाजते? मी म्हटलं, ते मालकांना विचारा, आम्हीही तेच विचारायला बसलोय. ती दोघं बघतो म्हणून गेली. त्यांच्यानंतर एक दाढीवाले गृहस्थ आले. त्यांनाही ठक् ऐकवलं. लाज वाटत होती का? वाटत होती, कान गरम झाले होते. पण यांना काय काळी आणि काय लाल, हे वाक्य डोक्यात घण घालत होतं, आणि त्या वाक्यापेक्षा लाज हलकी होती.

दाढीवाले गेल्यावर दुकानदारानं लाल गिटार घोडीवरून उचलली आणि वन्संच्या मांडीवर ठेवली, जरा आपटलीच. वन्संनी डोळे उघडले. आभार मानले नाहीत. रुमाल काढून टोक पुसलं, दातांत धरलं, तार स्वतःच छेडली आणि मान डोलावली. मग म्हणाल्या की निळीही बघते. दुकानदार कपाळावर हात मारून खुर्चीत बसला. निळी बघितली, पुन्हा लाल बघितली, आणि लालच घेतली. बाहेर पडल्यावर मी विचारलं की हिच्यात काही दोष नाहीत ना? त्या म्हणाल्या की भरपूर आहेत. पट्ट्या टोचतात, एक खुंटी सैल आहे, रंग तर बघवत नाही. पण ही जिवंत आहे, आणि स्वस्त वस्तूकडून याहून जास्त मागणं म्हणजे हावरटपणा.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर वन्सं पलंगाच्या कडेला गिटार घेऊन बसल्या. नवरा खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होता, म्हणजे तोंडासमोर धरून होता. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. वन्संनी टोक दातांत घेतलं, डोळे मिटले आणि एक तार छेडली. डब्यातून सूर आला, आला आणि थांबला, खोलीत राहिला. तो पुरता विझेपर्यंत वन्सं हलल्या नाहीत. मग पुन्हा तोच. पुन्हा तोच. त्यांच्या गालावरून पाणी ओघळून गिटारीवर पडत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

थोड्या वेळानं त्यांनी बोटानं तार दाबली आणि दांडीवर पट्ट्यांमधलं एकेक घर पुढे सरकत काहीतरी शोधायला लागल्या. काय शोधतायत ते मला हळूहळू कळलं. शाळेत सगळ्यांना शिकवतात ते, सा, रे, ग. चाचपडत, मागे येऊन, पुन्हा पुढे जाऊन त्यांनी तिन्ही लावले. बरोबर लावले. मग बोट पुढे सरकलं, तार छेडली, आणि घासात खडा यावा तसा म लागला. माझे हात घडीवर थांबले. नवऱ्यानं पेपरामागे तोंड कसंनुसं केलं. वन्संचे डोळे मिटलेलेच होते. माझे हात त्यांना दिसले नव्हते, त्याचं तोंड दिसलं नव्हतं.

त्यांनी टोक दातांतून सोडलं, डोळे उघडले आणि भावाकडे बघून विचारलं, "म चुकला ना रे?"

पेपर खाली आला. "हो," तो म्हणाला. "चुकला."

"मला ऐकू आला," वन्सं म्हणाल्या.

समोरच्या घरातल्या बाई आवाजानं गॅलरीत आल्या होत्या आणि इकडेच बघत होत्या. नवरा उठला, घाईघाईनं खिडकीचं दार ओढायला लागला.

"उघडी राहू दे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी टोक पुन्हा दातांत धरलं, बोट त्याच घरावर ठेवलं आणि तोच चुकलेला म आणखी जोरात छेडला.